मिग्रो, झुरिक: अमेरिकेतून इथे राहायला आलेल्या मराठी घराचा रिव्ह्यू

अमेरिकेतून स्वित्झर्लंडला शिफ्ट होणारे मराठी लोक मला नेहमी हेच विचारतात, किराणा कुठून आणता, किती महाग पडतं, व्हेज नीट मिळतं का, आणि दर वेळी फोनवर तेच सांगायचं म्हणून एकदा नीट लिहून टाकते. आम्ही न्यू जर्सीहून आलो, पासपोर्ट अमेरिकन, जेवण मराठी, घर झुरिकच्या ओर्लिकॉन भागात. इथे को-ऑप आहे, डेनर आहे, आल्डी आणि लिडलही आहेत, पण आमच्या घरातला बहुतेक सगळा किराणा मिग्रोतूनच येतो आणि ते दुकान मला मनापासून आवडतं. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे गेला तेही सांगते.

आधी साइजची सवय करा. दुकानाच्या पाटीवर एक एम असेल तर छोटं, दोन एम म्हणजे मधलं, तीन एम म्हणजे मोठं. पण इथलं मोठं म्हणजेसुद्धा जर्सीतल्या सुपरमार्केटएवढं नसतं, तिथे एका अख्ख्या भिंतीवर सीरियल असायचं, इथे ते एका रॅकमध्ये संपतं. सुरुवातीला हे कमी वाटतं, मग लक्षात येतं की इथलं आयुष्यच वेगळं आहे, भाड्याच्या घरातला फ्रिज लहान, गाडी नाही, ट्रामने किंवा पायी यायचं, म्हणजे हाताला झेपेल तेवढंच घ्यायचं आणि एक-दोन दिवसांनी परत जायचं. आठवड्याचं सामान गाडीच्या डिकीत भरायची सवय सुटली की भाजी ताजी खाल्ली जाते आणि टाकली कमी जाते, आमच्याकडे तरी हा फरक स्पष्ट दिसला.

भाजी-फळं बऱ्याच शाखांमध्ये स्वतः वजन करून घ्यायची असतात. भावाच्या पाटीवर एक नंबर असतो, तो काट्यावर दाबायचा, स्टिकर येतं, ते चिकटवायचं. रॅकवर जो भाव लिहिलाय तोच काउंटरवर द्यायचा, टॅक्स त्यातच धरलेला असतो, खाण्याच्या वस्तूंवर २.६ टक्के. अमेरिकेत बिल झाल्यावर वर टॅक्स लागून जो आकडा बदलतो ना, ते इथे नाही, खिशात दहा फ्रँक असले तर दहा फ्रँकचं सामान नेमकं येतं. कॅशियर बाई खुर्चीवर बसून काम करतात. जर्सीत तासन् तास उभ्या असलेल्या कॅशियर बघितल्या होत्या, त्यामुळे मला हे पहिल्या दिवसापासून फार बरं वाटलं. सामान मात्र आपलं आपण पिशवीत भरायचं, आणि पिशवी घरून न्यायची.

आता खरी गोष्ट. आत गेल्यावर नव्या माणसाला पहिला प्रश्न पडतो की ओळखीचे ब्रँड इतके कमी का, जिकडेतिकडे मिग्रोचाच माल कसा. याचं कारण कळल्यावर मला या दुकानाबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला. गोटलीब डुटवायलर नावाच्या माणसाने १९२५ साली झुरिकमध्ये फोर्डच्या मॉडेल टी ट्रक घेऊन धंदा सुरू केला, पाच ट्रक आणि माल फक्त सहा प्रकारचा, कॉफी, तांदूळ, साखर, पास्ता, खोबऱ्याची चरबी आणि साबण. मधले दलाल काढून टाकले, ट्रक थेट वस्तीत नेले आणि भाव पाडले. मग व्हायचं तेच झालं, बाकीचे दुकानदार चिडले, मोठ्या कंपन्यांनी माल द्यायचं बंद केलं, आणि १९३३ मध्ये तर सरकारने नव्या शाखा उघडायलाच बंदी घातली, ती १९४५ पर्यंत राहिली. माल मिळेना म्हणून यांनी स्वतःच बनवायला घेतलं. आज रॅकवर ब्रँडेड वस्तूंच्या जागी मिग्रोची स्वतःची बिस्किटं, स्वतःचं चॉकलेट, स्वतःचा आइस टी दिसतो त्याची मुळं त्या बहिष्कारात आहेत. बाकी तो आइस टी एकदा पिऊन बघाच, इथली पोरं त्यावरच मोठी होतात.

आणि १९४१ मध्ये डुटवायलरने आपली चालती कंपनी गिऱ्हाइकांच्या सहकारी संस्थांमध्ये बदलून टाकली. म्हणजे आज मिग्रोचा एक असा मालक नाही, दहा प्रादेशिक सहकारी संस्था आहेत आणि त्यांचे वीस लाखांच्या वर सभासद आहेत, सगळे आपल्यासारखेच पिशवी घेऊन येणारे. मी दादरची, आमच्या घरी महिन्याचं सामान अपना बाजारातून यायचं, त्यामुळे सहकारी भांडार ही कल्पना मला नवी नव्हती, पण ती एवढी मोठी होऊनही टिकू शकते हे मी इथे येऊन बघितलं. परदेशी माणूसही सभासद होऊ शकतो, इथे राहत असलं की झालं, पैसे पडत नाहीत. फॉर्म भरला की त्यांचं मॅगझिन घरी येतं आणि मतदानाचा कागदही येतो.

मतदानाचं मला मुद्दाम सांगायचंय. मिग्रोत दारू आणि सिगरेट मिळत नाही. डुटवायलरने १९२८ मध्ये दारू बंद केली ती आजपर्यंत बंद आहे. २०२२ मध्ये मिग्रोने सभासदांनाच विचारलं की आता विकायची का, दोन-तृतीयांश मतं लागणार होती, आणि दहाच्या दहा संस्थांमध्ये लोकांनी नाही म्हटलं. स्वतःला सोयीचं पडलं असतं तरी लोकांनी जुना नियम राखला. मी पण नाही म्हणूनच मत दिलं. आम्ही इथे परके, सार्वमताच्या आधी शेजारी मोठमोठी पाकिटं घेऊन पोस्टात टाकायला जातात तेव्हा आमच्या हातात काही नसतं, झुरिकमध्ये राहतो पण झुरिकच्या कुठल्याच गोष्टीत आमचं मत नाही. तर या देशात माझं पहिलं मत किराण्याच्या दुकानाने घेतलं, आणि त्या दिवशी मला खूप आपलं वाटलं होतं. दारू लागत असेल तर डेनरमध्ये मिळते, आता डेनरही मिग्रोच्याच मालकीचं आहे, काही लोकांना हे पटत नाही, मला वाटतं ज्या दारात मुलं आइस टी घ्यायला जातात ते दार तरी वेगळं राहिलं.

आता मराठी स्वयंपाकघराचं. दूध-दुभतं एक नंबर. दुधावर पास्ट, म्हणजे पाश्चराइज्ड, लिहिलेलं बघून घ्या, युएचटी म्हणजे जास्त तापवून टिकाऊ केलेलं नको, मग विरजण छान लागतं, पनीरही होतं. साधं दही थेट विरजणाला चालतं. क्वार्क नावाचा प्रकार मिळतो, तो चक्क्याच्या इतका जवळ आहे की आमच्याकडे पाडव्याचं श्रीखंड त्याचंच होतं, फक्त मलईवाला घ्यायचा, कमी फॅटचा घेतला तर आंबट आणि कोरडा लागतो, आणि तासभर फडक्यात टांगून ठेवायचा. ब्राटबटर म्हणून डबा मिळतो ते म्हणजे कढवलेलं लोणीच, रोजच्या फोडणीला आणि शिऱ्याला चालतं, पण वरणभातावर घ्यायला मी अजूनही साधं लोणी आणून घरीच कढवते, त्याचा वास त्या डब्याला नाही. बासमती मिस्टर राइसचा चांगला आहे. बेसन आल्नातुरा नावाच्या ऑरगॅनिक ब्रँडच्या रॅकमध्ये शोधा, चण्याचं पीठ म्हणून पुडा असतो, झुणक्याला ठीक. मसूर डाळ सगळीकडे. गाजरं स्वस्त आणि गोड, हलवा करा.

तूरडाळ, पोहे, कढीपत्ता, ओलं खोबरं, शेवगा, तिखट हिरवी मिरची हे मात्र मिग्रोत शोधत बसू नका. श्रीलंकेचे तमिळ लोक ऐंशीच्या दशकापासून निर्वासित म्हणून इथे आले, त्यांची दुकानं गावोगाव आहेत, झुरिकमध्ये लांगस्ट्रासच्या आसपास जा, पोळीची कणीकही तिथूनच आणा. मिग्रोची कोथिंबीर म्हणजे चार काड्या आणि भाव असा की हात मागे येतो.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. लेबलं जर्मन, फ्रेंच आणि इटालियनमध्ये असतात, इंग्रजी नसतं, म्हणून सुरुवातीला फोनवर ट्रान्सलेट उघडा ठेवा. फळांच्या दह्यात आणि पुडिंगमध्ये कधीकधी जिलेटिन असतं, साध्या दिसणाऱ्या कपातही, तर शब्द शोधा किंवा व्ही लेबल, म्हणजे शाकाहारी मालावरची खूण, बघा. आणि ग्रुयेर एओपी (एओपी म्हणजे मूळ भागातल्या मालाचा शिक्का) चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने जमवलेलंच असतं, तो त्यांच्या नियमाचाच भाग आहे, कितीही आवडलं तरी कडक शाकाहारी माणसाला चालणार नाही. व्ही लेबलवाली दुसरी चीज भरपूर आहेत.

अंडी रॅकवर बाहेरच ठेवलेली असतात, फ्रिजमध्ये नाही, बघून दचकू नका. अमेरिकेत अंडी धुतात म्हणून थंड ठेवावी लागतात, इथे धूत नाहीत. आणि कोंबड्या पिंजऱ्यात कोंबून ठेवायला या देशात १९९२ पासून बंदी आहे, त्यामुळे अंडं महाग असलं तरी मला ते पैसे द्यायला जड जात नाही. उकडलेली रंगीत अंडी वर्षभर मिळतात, डोंगरावर फिरायला जाताना डब्यात टाकायला एकदम बेस्ट.

अमेरिकन सामानाची आठवण येईल, विशेषतः नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला. भोपळ्याचा डबा, अख्खी टर्की, मऊ ब्राउन शुगर हे असं सहज मिळत नाही, टर्की खाटकाकडे आधी सांगून ठेवावी लागते. बेकिंग पावडर छोट्या पुड्यांमध्ये येते, व्हॅनिला इसेन्सच्या जागी व्हॅनिला साखर. आम्ही इथला भोपळाच भाजून पंपकिन पाय करतो, त्याचा स्वाद डब्यापेक्षा चांगला येतो असं माझं ठाम मत आहे. हंगामाचं खायला शिका मात्र, वसंतात शतावरी, जुलैत इथल्या वालिस प्रांताचे जर्दाळू, थंडीत चेस्टनट. ते जर्दाळू आले की बाकी फळं आमच्या घरात येत नाहीत.

आता अर्धा स्टार. मांस-मासे फार महाग, चिकनसुद्धा अमेरिकेच्या मानाने दुप्पट-तिप्पट, नॉनव्हेज घराचं बजेट यातच कोलमडतं. म्हणून पुष्कळ लोक ट्रेनने सव्वा तासावर जर्मनीत कॉन्स्टान्झला जातात. जाणार असाल तर नियम माहीत असू द्या, २०२५ पासून माणशी दिवसाला १५० फ्रँकपर्यंतच सामान टॅक्सशिवाय आणता येतं, आधी ३०० होतं, आणि मांस माणशी एक किलो. आम्ही क्वचित जातो, ट्रेनचं भाडं आणि अख्खा दिवस धरला तर आमच्या चौघांच्या घराला ते परवडत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी जा, २५ किंवा ५० टक्क्यांची स्टिकरं लागलेली असतात, ब्रेड आणि सॅलड अर्ध्यात मिळतं. साध्या हिरव्या-पांढऱ्या पॅकिंगचं एम-बजेट पण घ्या, साखर-मीठ-पास्त्याला तेच घेते मी.

दुसरी अडचण रविवारची. सगळं बंद. शनिवारी दुपारी म्हणून तुफान गर्दी, तेव्हा लहान मुलांना घेऊन जाऊ नका. खूपच अडलं तर झुरिक मुख्य स्टेशनच्या खालची आणि विमानतळावरची मिग्रो रविवारीही उघडी असते.

पैसे देण्याचं एक सांगते कारण हे फक्त अमेरिकनांनाच भोवतं. आम्ही आलो तेव्हा एका बँकेने अमेरिकन पासपोर्ट बघून खातं उघडायला सरळ नकार दिला. २०१० चा फॅटका कायदा आहे, त्यामुळे अमेरिकनांच्या खात्यांची माहिती बँकांना अमेरिकेला कळवावी लागते आणि कितीतरी बँकांना ती कटकट नको असते. खातं नाही म्हणजे खात्याला जोडलेलं ट्विंट, फोनवरून पैसे द्यायचं इथलं ॲप, तेही नाही, आणि सगळं शहर फोनवर ट्विंट करत असताना आपण बाजूला, फार वाईट वाटतं तेव्हा. मिग्रोत या काळात काही अडलं नाही, अमेरिकेचं कार्ड चाललं, रोख चाललं, त्यांचं क्युम्युलस नावाचं पॉइंटचं कार्डही लगेच मिळालं. ते घ्याच, फ्रँकला एक पॉइंट, पाचशे पॉइंटला पाच फ्रँकचं कूपन मिळतं.

प्लास्टिकच्या बाटल्या, बॅटऱ्या, जुने बल्ब दारातच परत घेतात, आणि कचऱ्याच्या सक्तीच्या महागड्या पिशव्या काउंटरवर मागून घ्यायच्या, म्हणून बाटल्या घरच्या कचऱ्यात न टाकता इथेच आणा.

अजून एक, मिग्रोची क्लुबशूले नावाची मोठ्यांच्या क्लासेसची शाळा १९४४ पासून आहे, माझं जर्मनचं पहिलं पुस्तक तिथलंच. नवीन आलेल्या प्रत्येकीला मी सांगते की घरात सामान लावून झालं की लगेच क्लासला नाव घाला, आणि त्याच आठवड्यात सभासदाचा फॉर्मही भरून टाका.