आईला ‘बाई’ म्हणणारं केअर सेंटर, ८ महिन्यांचा अनुभव

आई ८ महिने झाले इथे आहे. वय ८१, खुब्याचं ऑपरेशन झालंय, शुगर आहे आणि हल्ली गोष्टी विसरायला लागलीये. घरी ब्युरोची बाई ठेवून बघितली पण दर महिन्याला बाई बदलायची, म्हणून मग सेंटर.

याआधी तिला ३ महिने दुसरीकडे ठेवलं होतं. तिथे एका रविवारी गेले तर आईचे केस कापलेले. कंबरेपर्यंत केस होते तिचे, रोज स्वतः अंबाडा घालायची. विचारलं तर म्हणे धुवायला वाळवायला वेळ जातो, सगळ्यांचेच कापतो. ना तिला विचारलं ना मला एक फोन केला. आई काही बोलली नाही, नुसता मानेमागे हात फिरवत बसली होती. मला आजही ते आठवलं की रडू येतं.

इथे अॅडमिशनच्या दिवशी फाइल बघून झाल्यावर सिस्टर अर्धा तास आईजवळ बसल्या, मी मध्ये उत्तर दिलं तर मलाच थांबवलं की त्यांना सांगू दे. चहा कपातून की बशीतून, कुठल्या कुशीवर झोप लागते, आंघोळीला पुरुष मदतनीस चालेल का, रात्री लाइट चालू की बंद, आणि हाक काय मारायची. आई म्हणाली बाई म्हणा. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं तिने, अख्खं गाव बाई म्हणायचं. आता मावश्या, फिजिओ, डॉक्टर सगळे बाईच म्हणतात. आधीच्या ठिकाणी आजी आजी म्हटलं की ती ओच द्यायची नाही आणि आम्ही कान तपासून आणले होते तिचे!

हे सगळं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय आणि ड्युटी बदलताना औषधांबरोबर तेही सांगतात. आंघोळीचंच बघा. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी पहाटे ५ पासून आंघोळी उरकतात कारण ८ ला नाइटवाल्या मावश्या सुटतात. आईला नाश्ता झाल्यावर आंघोळ लागते, तर तिची दिवसपाळीकडे दिली, संपला प्रश्न.

साडीचा प्रश्न मात्र अवघड होता. डायपर बदलायला गाउनच सोयीचा, ते मलाही पटतं, पण आई गाउनवर कोणासमोर यायलाच तयार नाही, खोलीतच बसून राहायची. शेवटी एका मावशीनेच सुचवलं म्हणून मी तिच्या दोन कॉटनच्या साड्या टेलरकडून निऱ्या शिवून, नाडी लावून आणल्या. आता दुपारपर्यंत गाउन आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत साडी, मग व्हीलचेअरवरून हॉलमध्ये.

एकादशीचा उपासही तसाच. इन्सुलिन चालू असताना उपाशी ठेवता येत नाही, पण ‘तुम्हाला चालत नाही’ म्हणून ताटात पोळीभाजी नाही वाढली, डॉक्टरांना विचारून थोडी भगर, दाण्याची आमटी आणि ताक, तेही वेळेवर, आणि नंतर शुगर तपासतात. साबुदाणा देत नाहीत, त्यावर आई एकदा रुसली होती पण तिला नीट समजावून सांगितलं.

आता तक्रारी. रविवारी बदलीवर येणाऱ्या मावश्या तो कागद वाचत नाहीत, दोनदा आईला पहाटेच आंघोळ घातली. मी बोलले, सॉरी म्हणाले, पण तिसऱ्यांदा परत झालं. भेटायची वेळ ४ ते ६ च आहे, नोकरी करणाऱ्याने यायचं कसं? महिना ३२ हजार, डायपर आणि औषधं वेगळी, आणि बिलात ‘इतर खर्च’ म्हणून जे येतं ते दर वेळी विचारून घ्यावं लागतं. टीव्हीवर दिवसभर हिंदी सिरियल, आईला रेडिओ लागतो तो आम्हीच नेऊन दिला. फिजिओ चांगली आहे.

५ पैकी ४ देते, एक रविवारसाठी कापला.

कोणी बघायला जाणार असाल तर ऑफिसात बसून माहिती घेऊ नका, सकाळी आंघोळी चालू असतात तेव्हा जा, आणि तिथल्या एखाद्या मावशीला विचारा की या पेशंटला काय आवडतं. आमच्या मावशीने कागद न बघता मला सांगितलं होतं, बाईंना चहा बशीतूनच आणि अंबाडा जरा वर. केस आता खांद्यापर्यंत आलेत, छोटासा अंबाडा बसतो.