डबा हातात घेतलेला गायक: बिल विदर्सचा 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम'

वाळूजला सेकंड शिफ्ट मारून रात्री कंपनीच्या बसमधी बसलं की मला कुणाशीच बोलू वाटत नाही, कानात काहीतरी लागतं. वर्षभर झालं जुने इंग्लिश आल्बम अख्खेच्या अख्खे ऐकायलोय, रॉक म्हणा फोक म्हणा सोल म्हणा, जे हाताला लागल ते, आणि त्यात फिरून फिरून कोणता लावतो म्हणाल तर अमेरिकन गायक बिल विदर्सचा हा 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम', १९७१ चा.

आधी कव्हरच बघा. माणूस साध्या कपड्यात उभा, हातात जेवणाचा डबा. फोटोपुरता धरलेला नाही बरं का, गडी खरंच विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता, विमानातले संडास बनवायचा, अन् हा फोटो तिथंच जेवणाच्या सुट्टीत काढलेला. त्याआधी ९ वर्षं नेव्हीत. म्हणजे पहिला आल्बम आला तेव्हा वय ३२, अन् तरी नोकरी सोडायला तयार नव्हता, गाण्याच्या धंद्याचा काय भरवसा. आमच्या लाईनवरच्या कुणालाही विचारा, हेच म्हणेल.

'एन्ट नो सनशाइन' तुम्ही कुठं ना कुठं ऐकलंच असणार. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं, त्यात मधी तो 'आय नो' २६ वेळा म्हणतो. तिथं खरं तर अजून शब्द लिहायचे होते, पण स्टुडिओतल्या लोकांनी सांगितलं राहू दे असंच. बरं झालं. प्रोड्युसर बुकर टी. जोन्स, बास गिटारवर डक डन, ड्रमवर अल जॅक्सन, म्हणजे सोल गायक ओटिस रेडिंगच्या मागं वाजवणारी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली मंडळी, वरून गिटारला स्टीफन स्टिल्स. एवढे मोठे वाजवणारे असून कुणीच गायकाच्या पुढं पळत नाही, हे मला लई आवडलं.

पण माझं गाणं 'ग्रँडमाज हँड्स'. आजी चर्चमधी टाळ्या वाजवायची, नातवाला मारापासून वाचवायची, तिच्या हातांचंच गाणं आहे सगळं. माझं इंग्रजी यथातथाच, तरी पहिल्यांदाच कळलं. आमची आजी हरिपाठाला अशी टाळी धरायची की घरी आल्यावर तळहात लाल, अन् त्याच हातानं आईच्या तावडीतून मला ओढून घ्यायची. जाऊ द्या.

मित्र झेपलिनवाला आहे, म्हणजे लेड झेपलिन ह्या दणदणीत रॉक बँडचा चाहता, तो म्हणतो हे काय मिळमिळीत, जरा गिटार वाजू दे की. त्याचं त्याच्या जागी बरोबर असल, पण आठ तास प्रेसचा दणका ऐकून आल्यावर मला अजून दणका नको. निक ड्रेकचा 'पिंक मून' २८ मिनिटात संपतो, जवळपास नुसता आवाज अन् गिटार, लई सुंदर, पण अपरात्री एकट्यानं ऐकला तर माणूस खचतो. मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' ह्याच्यापेक्षा मोठं काम आहे, मान्य, फक्त त्यात एका गाण्यातून दुसरं निघत जातं, मधीच स्टॉप आला की तोडायचं जीवावर येतं. ह्याचं तसं नाही, छोटी छोटी १२ गाणी, सिडको येईस्तोवर बहुतेक सगळी होतात.

खोट काढायची तर बीटल्सचं 'लेट इट बी' इथं काहून घेतलं कळलं नाही. स्वतःची एवढी चांगली गाणी असताना उसनं कशाला.

अन् शेवटचं 'बेटर ऑफ डेड' जरा जपून ऐका. दारुड्याचं गाणं आहे, बायको लेकरं घेऊन निघून गेलेली, अन् शेवटी एकदम गोळीचा आवाज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी असा दचकलो की शेजारी झोपलेल्याला कोपर बसलं. तो म्हणला काय झालं रे, आता त्याला काय सांगावं. साडेचार स्टार, अर्धा 'लेट इट बी'पायी कापला.