एजंट निवडताना आधी सर्वांत म्हातारा सर्व्हर बघा

सर्व्हरच्या मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर निवडायला बसलं की आपण पहिल्यांदा डॅशबोर्ड बघतो. मीही तेच केलं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे-निळे ग्राफ, साहेबांच्या केबिनमधल्या टीव्हीवर लावता येतील असे. चाचणी छान झाली, मंजुरी मिळाली, आणि तिसऱ्या दिवशी हजेरीचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या जुन्या विंडोज सर्व्हरवर एजंट (मशीनवर बसून तिची तब्येत कळवणारा छोटा प्रोग्राम) सुरूच होईना. ज्या मशीनची सगळ्यात जास्त काळजी होती, नेमकं तेच आंधळं राहिलं.

म्हणून ही तुलना उलट्या टोकापासून करतो. डोळ्यासमोर एक जाळं ठेवा: पुण्यात मुख्य कार्यालय, चाकणला कारखाना, कोल्हापूरला गोदाम. साठेक सर्व्हर. निम्मे लिनक्स, त्यात उबंटू आणि रॉकी बरेच, पण कोपऱ्यात दोन सेंटओएस ६. बाकी विंडोज, त्यातले तीन २०१२ आर२. अकाउंट्सचं जुनं काम एका एआयएक्सवर (आयबीएमचं युनिक्स). शिवाय स्विच, फायरवॉल, नॅस (नेटवर्कवरची साठवण पेटी), यूपीएस. मध्यम आकाराच्या कंपन्यांत चित्र साधारण असंच असतं. उमेदवार चार: झॅबिक्स, एक्सपोर्टर्ससह (मशीनवर आकडे मांडून ठेवणारे छोटे प्रोग्राम) प्रोमिथियस, चेकएमके आणि टेलिग्राफ. नागिऑस मी वेगळा धरलेला नाही. १९९९ पासूनचा हा आजोबा अजून चालतो, पण आज नव्याने कोरी पाटी असेल तर तिथून सुरुवात करण्याचं कारण मला दिसत नाही.

म्हाताऱ्यावर काय चालतं

इथे एक गोष्ट माहिती असली की निम्मी निवड होऊन जाते: एजंट कोणत्या भाषेत लिहिलाय. टेलिग्राफ, विंडोज एक्सपोर्टर आणि झॅबिक्सचा एजंट २ हे तिघे गो भाषेतले. गोच्या १.२१ पासून विंडोजवर किमान विंडोज १० किंवा सर्व्हर २०१६ लागतं. म्हणजे यांची आजची व्हर्जनं २०१२ आर२ वर चालण्याची अपेक्षाच ठेवू नका. जुनं व्हर्जन शोधून बसवता येतं, पण मग ते तिथेच गोठतं, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसकट. २०१२ आर२ चा विस्तारित सपोर्टही १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, हे मला कळतं. ते मशीन का हलत नाही, हे ज्याने हलवून बघितलंय त्याला कळतं.

झॅबिक्सचा मूळ एजंट सी भाषेत लिहिलेला आहे आणि तो अजून जिवंत आहे. २०२० च्या ५.० पासून एजंट २ अधिकृत झाला, तरी पहिला काढून टाकलेला नाही. जुन्या विंडोजवर तो बसतो, एआयएक्सवरही बसतो. आणखी एक सोय अशी की नवा सर्व्हर जुन्या एजंटशी बोलतो. ७.० चा सर्व्हर अगदी १.४ पासूनचे एजंट चालवून घेतो. उलटं मात्र नाही: एजंट सर्व्हरपेक्षा नवा नको.

चेकएमकेचा लिनक्स एजंट म्हणजे मुळात एक शेल स्क्रिप्ट. तो डिस्क, मेमरी, प्रोसेस यांचं जे दिसेल ते साध्या मजकुरात ओकतो आणि गप्प बसतो. त्यातलं काय महत्त्वाचं ते सर्व्हर ठरवतो. सेंटओएस ६ सारख्या मशीनवर हा साधेपणा देवासारखा धावून येतो. नवीन पॅकेज चढत नसेल, तर स्क्रिप्ट ठेवा आणि एसएसएचवरून (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) चालवा. एआयएक्ससाठीही त्यांची स्क्रिप्ट आहे. तिच्यात काय लिहिलंय ते उघडून वाचता येतं, आणि सिक्युरिटीवाल्यांना पटवताना याचा फार उपयोग होतो.

कोणी कोणाला फोन करायचा

दुसरा प्रश्न जोडणीच्या दिशेचा. प्रोमिथियस स्वतः प्रत्येक मशीनकडे जाऊन आकडे आणतो: लिनक्सवर पोर्ट ९१००, विंडोजवर ९१८२. याचा मोठा फायदा म्हणजे मशीन उत्तर देईनासं झालं की त्याला पुढच्याच फेरीत कळतं. तोटा कोल्हापुरात दिसतो. गोदामात साधं ब्रॉडबँड, राउटरच्या मागे नॅट (आतल्या मशीनचे पत्ते बाहेरून दिसत नाहीत). पुण्याहून आत शिरायला वाटच नाही. मग तिथे एक छोटा प्रोमिथियस बसवून आकडे पुढे ढकलावे लागतात. होतं सगळं, पण वीस मशीनच्या गोदामासाठी ती एक नवी गोष्ट सांभाळायची.

चेकएमकेच्या मोफत आवृत्तीतही सर्व्हरच एजंटकडे जातो, पोर्ट ६५५६ वर. २.१ पासून टीएलएसने (एन्क्रिप्ट करून) नोंदणी करता येते, ती जरूर करा. त्याआधी हा मजकूर मुळात उघडाच जायचा.

झॅबिक्स दोन्ही दिशांनी चालतो. पॅसिव्हमध्ये सर्व्हर १००५० वर विचारतो. ॲक्टिव्हमध्ये एजंट स्वतः १००५१ वर येऊन ‘मी काय मोजू’ ते विचारतो आणि आकडे देऊन जातो. नॅटमागच्या मशीनला दुसरी पद्धत सोयीची. गोदामात प्रॉक्सी बसवला तर तो सगळ्यांचे आकडे गोळा करतो, आणि लाइन तुटली तर साठवून ठेवतो. फक्त हे साठवणं मुळात १ तासापुरतंच असतं, वाढवून ७२० तासांपर्यंत नेता येतं. पावसाळ्यात रस्ता खोदताना केबल तुटते आणि जोडायला दोन दिवस लागतात, तिथे १ तास म्हणजे थट्टाच.

ॲक्टिव्ह पद्धतीत एक खोड आहे. एजंटच्या कॉन्फिगमधलं होस्टनेम आणि सर्व्हरवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, कॅपिटल-स्मॉलसकट. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. आणि एजंट मुकाट मेला तर? आकडे येत नाहीत म्हणून ओरडणारा ट्रिगर लावावाच लागतो. ६.२ पासून ॲक्टिव्ह एजंट दर मिनिटाला ‘मी आहे’ असा ठोका देतो, त्यामुळे आता हे पूर्वीइतकं डोकेदुखीचं राहिलेलं नाही.

टेलिग्राफ कायम ढकलणारा. मागे इन्फ्लक्सडीबी हा डेटाबेस असो वा काफ्का ही निरोपांची रांग, तो नेऊन टाकतो. लाइन गेली तर मूळ मांडणीत १०,००० मेट्रिक मेमरीत धरतो. दरम्यान मशीन रीस्टार्ट झालं की ते गेले. टेलिग्राफला मी या यादीत पूर्ण उमेदवार म्हणून धरत नाही, कारण तो फक्त हमाल आहे. अलर्ट, साठवण, ग्राफ सगळं दुसऱ्याने करायचं. पण हमाल अतिशय गुणी.

आकडे कुठे मावतात

साठ सर्व्हर, प्रत्येकी शंभर गोष्टी, मिनिटाला एकदा. झॅबिक्समध्ये हे सेकंदाला १०० आकडे, दिवसाला ८६ लाख ४० हजार. एका आकड्याला डेटाबेसमध्ये साधारण ९० बाइट धरतात, म्हणजे रोज पाऊण जीबीच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण हे सगळं मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये बसतं, आणि जुने आकडे पुसणारा हाउसकीपर मोठ्या टेबलांवर धापा टाकू लागतो. टाइमस्केल (पोस्टग्रेसची कालक्रमी आकड्यांसाठीची जोड) किंवा पार्टिशन (टेबलाचे तुकडे) पहिल्या दिवशीच करून ठेवा. भरल्या घरात फरशी बदलणं किती त्रासाचं असतं ते सांगायला नको.

प्रोमिथियस यात काटकसरी आहे. तो एका आकड्याला १ ते २ बाइटच लावतो. त्याच साठ मशीनवर प्रत्येकी हजार मालिका (म्हणजे मोजायच्या गोष्टी) आणि दर १५ सेकंदांनी मोजणी धरली, तर सेकंदाला ४,००० आकडे होतात, चाळीसपट, आणि तरी रोज पाऊण जीबीच्या आतच. मात्र तो मुळात १५ दिवसच ठेवतो. ‘मागच्या दिवाळीत लोड किती होता’ असं विचारणारा साहेब असेल तर मुदत वाढवा किंवा थॅनोससारखी मागची कोठार-व्यवस्था उभारा.

चेकएमके जुन्या आरआरडी पद्धतीने जातो: दोन दिवस मिनिटामिनिटाचे आकडे, मग हळूहळू विरळ करत चार वर्षांपर्यंत. फाइल वाढतच नाही. बारकावा हरवतो, पण डिस्क कधी भरत नाही. मला वैयक्तिक पातळीवर हा सौदा आवडतो.

जाता जाता: हे आकडे म्हणजे लॉग नव्हेत. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, ते काम यातला कुठलाही एजंट आपोआप करत नाही. घड्याळं जुळवण्याचीही अट त्यात आहे. मशीनचं घड्याळ किती सरकलंय यावर मात्र अलर्ट लावून ठेवा.

रात्री दोन वाजताचा मेल

खरी परीक्षा अलर्टची. मी सुरुवातीला सगळीकडे ‘डिस्क ९० टक्के भरली की ओरड’ असा एकच नियम लावला. ४ टीबीच्या बॅकअप डिस्कवर ९० टक्के म्हणजे अजून ४०० जीबी मोकळे. ती महिनाभर उगाच बोंबलत राहिली. ४० जीबीच्या सी ड्राइव्हवर मात्र उरतात फक्त ४ जीबी, आणि एका अपडेटने तो रात्रीत भरला. मेल आला होता. आधीच्या तीनशे मेलांच्या खाली.

यावर तिघांची उत्तरं वेगळी आहेत. प्रोमिथियसमध्ये ‘या वेगाने चार दिवसांत भरेल का’ असा प्रश्न एका ओळीत लिहिता येतो. त्याची भाषा शिकायला आठवडा जातो, पण एकदा कळली की मागे वळून बघवत नाही. झॅबिक्समध्ये किती वेळात भरेल ते सांगणारं फंक्शन आहे. वापरलं तर उत्तम, पण बहुतेक जण तयार टेम्प्लेटवरच थांबतात. चेकएमकेत मॅजिक फॅक्टर नावाची सोय आहे, ती डिस्क जितकी मोठी तितकी मर्यादा आपोआप सैल करते. कमी शिकून जास्त पदरात पडतं ते इथे.

नवीन मशीन जोडतानाही चेकएमकेच पुढे. एजंट टाकला, सर्व्हिस शोधायला सांगितल्या, पाच मिनिटांत चाळीसेक गोष्टी समोर. स्वतःची तपासणी हवी असेल तर एका ओळीचा निकाल छापणारी स्क्रिप्ट ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची, बस्स. प्रोमिथियसमध्ये सगळं वायएएमएल फाइलींत (साध्या मजकुरातलं कॉन्फिग). गिट आणि अन्सिबल वापरणाऱ्या टीमला हे सुख, माउसने काम करणाऱ्याला शिक्षा.

एजंटच घरभेदी निघाला तर

२०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घुसखोरी झाली आणि ते अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेलं. प्रत्येक मशीनवर, मोठ्या अधिकारांनिशी चालणारी वस्तू म्हणजे चोरासाठी गुरुकिल्लीच. त्यामुळे झॅबिक्समध्ये दूरून कमांड चालवण्याची परवानगी मुळात बंद आहे, ती बंदच राहू द्या. एक्सपोर्टरचे पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त प्रोमिथियसच्या पत्त्याला उघडा. टीएलएस आणि पासवर्डची सोय आहे, पण ती आपण लावावी लागते. अपडेट आले त्या दिवशी सगळीकडे चढवू नका.

‘मग एजंटच नको’ असं म्हणणारे असतात. स्विच, नॅस आणि यूपीएस यांच्यासाठी बरोबर आहे, तिथे एसएनएमपीच (उपकरणाची स्थिती नेटवर्कवरून विचारण्याची पद्धत). फक्त ६४ बिटचे काउंटर वाचा: ३२ बिटचा काउंटर भरल्या १ जीबीपीएस लाइनवर ३४ सेकंदांत शून्यावर येतो, मग मिनिटाला एकदा वाचलेला आकडा खोटाच. विंडोजवर मात्र एसएनएमपी मायक्रोसॉफ्टने सर्व्हर २०१२ पासूनच मोडीत काढण्याच्या यादीत टाकलंय, आणि डब्ल्यूएमआयसाठी (मशीनची माहिती देणारी विंडोजची स्वतःची सोय) १३५ शिवाय वरच्या हजारो पोर्टांचा पट्टा उघडावा लागतो. त्यापेक्षा एजंट परवडला.

यूपीएसबद्दल आवर्जून सांगतो, कारण कुठल्याच तुलनेत तो नसतो. आमच्या पट्ट्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते. बॅटरी किती मिनिटं टिकेल हा आकडा मला सीपीयूपेक्षा शंभरपट उपयोगी पडलाय. चौघांनाही तो वाचता येतो. झॅबिक्स आणि चेकएमकेत तयार मिळतो, प्रोमिथियसला एसएनएमपी एक्सपोर्टर वेगळा बसवावा लागतो, टेलिग्राफला कोणता आकडा वाचायचा ते हाताने लिहून द्यावं लागतं.

मी काय घेईन

वर सांगितलेल्या जाळ्यासाठी झॅबिक्स. २०१२ आर२ आणि एआयएक्सवर सीचा जुना एजंट, नव्या मशीनवर एजंट २, चाकण आणि कोल्हापूरला प्रॉक्सी. तो देखणा नाही, मेनू कुठून कुठे जातात ते देवाला ठाऊक, पण कोणालाही बाहेर ठेवत नाही.

दोघांचाच आयटी विभाग असेल, सगळी ठिकाणं व्हीपीएनने जोडलेली असतील आणि कोणालाच नवीन भाषा शिकायला वेळ नसेल, तर चेकएमके. निम्म्याहून जास्त काम कुबरनेटीसवर (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी व्यवस्था) गेलं असेल तर प्रोमिथियस. तिथे दुसरं काही घेणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं, आणि म्हाताऱ्या मशिनांसाठी बाजूला एक छोटी वेगळी व्यवस्था ठेवा, लाज बाळगू नका. टेलिग्राफ तेव्हा, जेव्हा आकडे साठवण्याची जागा आधीच ठरलेली आहे.

ठरवण्याआधी तीनच मशीनवर चाचणी घ्या: सर्वांत जुनं, सर्वांत लांबचं आणि सर्वांत जास्त लोड असलेलं. अँटीव्हायरस चालू ठेवूनच घ्या, कारण एजंटची फाइल क्वारंटाइनमध्ये गेलेली मी पाहिली आहे. दोन आठवडे द्या, आणि त्यात किमान एक गुरुवार असा येऊ द्या की जनरेटर वेळेवर सुरू होणार नाही.