वर्गासाठी विज्ञानाची पुस्तकं निवडताना ग्रंथालयाचा किती उपयोग झाला: दहा महिन्यांचा अनुभव

मी पाचवी-सहावीला विज्ञान शिकवते. दहा महिन्यांपूर्वी वर्गातल्या वाचनकोपऱ्यासाठी चाळीस पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलं. तोवर माझी पद्धत एकच होती: चित्रं पाहायची, चार पानं चाळायची आणि बरं वाटलं की घ्यायचं. या वेळी ठरवलं की ग्रंथालयात शिक्षकांसाठी जे जे आहे ते सगळं नीट वापरून पाहायचं. ऑनलाइन तालिका (ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची), शिफारस याद्या, परीक्षणं, महिनाभरासाठी मिळणारी पुस्तकपेटी, आणि अर्थातच ग्रंथपालबाई. यातलं काय कामाला आलं आणि कुठे अडलं, ते सांगते.

सुरुवात तालिकेपासून. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात (विषयाप्रमाणे आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत, मूळ १८७६ सालची) विज्ञान ५०० ते ५९९ मध्ये येतं, एवढं मला माहीत होतं आणि मी तेवढ्याच कपाटांपुढे उभी राहायचे. त्यामुळे कितीतरी पुस्तकं माझ्या नजरेलाच पडली नव्हती. मानवी शरीराची पुस्तकं ६१२ वर असतात. वाघ ५९९ मध्ये, सस्तन प्राण्यांत सापडतो. घरातल्या मांजरीसाठी मात्र ६३६.८ गाठावं लागतं, कारण ती पाळीव प्राण्यांत मोडते. डायनासोर ५६७.९ वर, जीवाश्मांच्या शेजारी. साप-सरडे ५९७.९ वर. एखाद्या मुलाला मांजरीच्या कुळाबद्दल वाचायचं असेल तर दोन वेगळ्या कपाटांपर्यंत जावं लागतं, आणि हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. मी आता वर्गात आकड्यांचा एक मोठा कागद लावला आहे. मुलं ग्रंथालयात गेली की त्यावरून स्वतः शोधतात.

तालिकेतली आणखी एक छोटी खूण फार उपयोगी पडली. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयाची विषयशीर्षकं (पुस्तकाचा विषय सांगणारे ठरावीक शब्द) वापरणाऱ्या तालिकेत मुलांच्या माहितीपर पुस्तकापुढे ‘ज्युव्हेनाइल लिटरेचर’ असतं आणि गोष्टीच्या पुस्तकापुढे ‘ज्युव्हेनाइल फिक्शन’. अस्वल शोधताना गोष्टीतली अस्वलं बाजूला काढायला याहून सोपा मार्ग मला सापडला नाही.

आता याद्या. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षकांची राष्ट्रीय संघटना आणि चिल्ड्रन्स बुक काउन्सिल मिळून १९७३ पासून मुलांसाठीच्या उत्तम विज्ञानपुस्तकांची यादी काढतात. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेचा मुलांच्या विज्ञानपुस्तकांसाठीचा पुरस्कार आहे. पहिले दोन महिने मी या याद्यांवर डोळे झाकून विसंबले. पुस्तकं छान आली, यात शंका नाही. पण यादी नाव सांगते. ते पुस्तक का निवडलं आणि त्याच्या शेजारचं का वगळलं, हे तिच्यावरून मला समजेना. शिवाय यादीतली बहुतेक पुस्तकं इंग्रजी. माझ्या मुलांच्या हातात मराठी पुस्तक द्यायचं तर ते पारखायचं कशावर?

इथे ग्रंथपालबाईंनी परीक्षणांच्या जुन्या अंकांकडे वळवलं. ‘सायन्स बुक्स अँड फिल्म्स’ हे अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्सचं परीक्षण-नियतकालिक १९६५ मध्ये सुरू झालं. त्याचा मोठा गुण म्हणजे नापसंत पुस्तकांचीही परीक्षणं त्यात छापली जात. शिफारस नाही, असं स्पष्ट लिहायचं आणि कारण द्यायचं. माझ्यासाठी सगळ्यांत मोलाचं साधन हेच ठरलं. चांगल्या पुस्तकाची दहा कौतुकं वाचून जे उमगलं नाही ते नाकारलेल्या पुस्तकाच्या एका परिच्छेदावरून उमगायचं. आधी कारणं वाचली, मग माझ्या हातातल्या पुस्तकांत तीच कारणं दिसू लागली.

एका देखण्या चित्रपुस्तकात चंद्रकोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढली होती. चंद्राचा अंधारा भाग तिथेच असतो, त्यातून पलीकडचा तारा दिसणार कसा? दुसऱ्यात कोळ्याला कीटकांच्या पानावर बसवलं होतं, तो कीटक नसताना. तिसऱ्यात ‘झाड मातीतून अन्न खातं’ असं वाक्य होतं, आणि पुढच्या महिन्यात प्रकाशसंश्लेषण शिकवताना ते वाक्य मुलांच्या डोक्यातून काढायला मलाच झगडावं लागलं असतं. चौथ्यात उन्हाळ्याचं कारण पृथ्वी सूर्याजवळ जाते हे दिलं होतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात ऐन हिवाळा असताना. ही चारही पुस्तकं मी पूर्वी घेतली असती. चित्रं खरंच सुंदर होती.

पुस्तकपेटीचा अनुभव मिश्र आहे. विषय कळवला की तीस पुस्तकं पेटीत भरून येतात, महिनाभर वर्गात राहतात. सोय उत्तम. मात्र सौरमालेच्या पेटीत ग्रहांबद्दलच्या आलेल्या आठ पुस्तकांपैकी तिघांत ग्रह नऊ होते. प्लूटोला २४ ऑगस्ट २००६ रोजी बटुग्रह ठरवलं गेलं, आणि त्यातलं एक पुस्तक तर त्यानंतर छापलेलं दिसत होतं. मी मागचं पान नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं: साल पुनर्मुद्रणाचं होतं, पहिली आवृत्ती बरीच जुनी. तेव्हापासून मी तालिकेतल्या सालावर विसंबत नाही. पुस्तक उघडून आवृत्तीचं साल बघते.

ती तीन पुस्तकं परत पाठवणार होते. पण एका मुलीने विचारलं, ‘बाई, मग हे पुस्तक खोटं बोलतं का?’ त्या प्रश्नावर आमचा एक अख्खा तास गेला. शनीचे उपग्रह किती, हे आम्ही सगळ्या पुस्तकांत शोधलं. प्रत्येकात आकडा वेगळा. २०२५ मध्ये शनीच्या नोंदलेल्या उपग्रहांची संख्या २७४ झाली, म्हणजे पेटीतलं एकही पुस्तक ‘बरोबर’ नव्हतं. मुलांनी पुस्तकं सालांप्रमाणे ओळीत मांडली आणि आकडा कसा वाढत गेला ते फळ्यावर लिहिलं. दुर्बिणी सुधारल्या की उपग्रह सापडत जातात, हे मला सांगावं लागलं नाही. शेवटी प्रत्येक पुस्तकात त्यांनी कागदाची एक पट्टी ठेवली, वर तारीख आणि नवा आकडा. जुनं पुस्तक आणि चुकीचं पुस्तक हा फरक त्या दिवशी मलाही स्पष्ट झाला. ग्रहांची जुनी पुस्तकं मी ठेवली. ऋतूंचं ते पुस्तक ठेवलं नाही, कारण ते छापलं त्या दिवशीही चूकच होतं.

वाचनपातळीबद्दल थोडक्यात. स्टोरीवीव्हर या मुलांच्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर (२०१५ पासून) पुस्तकांना चार पातळ्या दिलेल्या असतात, तिथे मराठीतही भरपूर सापडतं आणि मोफत छापून घेता येतं. इंग्रजी पुस्तकांवरचा लेक्साइलचा (वाचनपातळी सांगणारा) आकडा वाक्यांची लांबी आणि शब्द किती रुळलेले आहेत यावरून काढतात. संकल्पना किती अवघड हे तो मोजत नाही. ‘बल’ हा शब्द सोपा आहे, कल्पना सोपी नाही. मी आकडा पाहते, आणि मग मुलाला एक पान मोठ्याने वाचायला देते. पाच शब्दांवर अडखळला तर ते पुस्तक दोघांनी मिळून वाचायचं.

खरी तक्रार प्रयोगांच्या पुस्तकांबद्दल आहे. ५०७.८ च्या कप्प्यातली पुस्तकं मुलं अक्षरशः ओढून नेतात, आणि याच पुस्तकांत याद्या-परीक्षणांची मला सगळ्यात कमी मदत झाली. मी वाचलेल्या परीक्षणांत मजकूर तपासलेला असतो. प्रयोग करून पाहिल्याचं क्वचितच दिसलं. घेतलेल्या सहा पुस्तकांतले प्रयोग मी घरी करून पाहिले. काही पुस्तकात सांगितल्याप्रमाणे घडलेच नाहीत, आणि एकात मेणबत्ती पेटवायची होती पण मोठ्या माणसाने सोबत असावं ही सूचना कुठेच नव्हती. दुसरी खंत म्हणजे प्राण्यांचा भरणा. माझ्या पहिल्या चाळीसपैकी तेवीस पुस्तकं प्राण्यांवरची निघाली, रसायनशास्त्राची दोन.

ग्रंथपालबाईंकडे मात्र वारंवार जावं. पहिल्यांदा मी ‘पाण्यावर काही आहे का?’ असं विचारलं आणि टेबलावर ढीग लागला. नंतर वर्गात आलेला प्रश्न जसाच्या तसा नेला, ‘बर्फ पाण्यावर का तरंगतो?’ त्यांनी दोनच पुस्तकं काढली, एकात खूण घालून पान दाखवलं. कुठलं पुस्तक पुन्हा पुन्हा नेलं जातं आणि कुठलं दुसऱ्याच दिवशी परत येतं, हेही त्यांना ठाऊक असतं. कुठल्याही यादीत ही माहिती मिळत नाही.

आता पेटी मागवताना मी विषय कळवत नाही. मुलांनी वहीत लिहिलेले प्रश्न पाठवते. पुढच्या महिन्यासाठी तीन गेले आहेत: गंज कशाचा बनतो, साबणाने तेलकटपणा का जातो, आणि काडेपेटीच्या काडीच्या टोकाला नेमकं काय असतं. तिन्ही रसायनशास्त्राचे आहेत.