काचपट्टीवरचा कृमी आणि तक्त्यावरचा देवमासा

अकरावीत शिकणाऱ्या मुलीसाठी मी पुण्यातील शालेय विज्ञानसाहित्याच्या एका दुकानातून प्राण्यांच्या आकारमानाची तुलना करणारा संच घेतला. त्यात निळ्या देवमाशाचा रंगीत तक्ता, शिस्टोसोमा हिमॅटोबियम या परजीवी चपट्या कृमीची नर-मादीसह तयार काचपट्टी आणि एक माहितीपुस्तिका आहे.

काचपट्टी उत्तम आहे. नर जेमतेम सेंटिमीटरभर लांब असला, तरी 40 पट मोठा करून पाहताना तो एका नजरेत मावत नाही आणि काचपट्टी हळूहळू सरकवावी लागते. आधी पुढच्या टोकाचे दोन चोषक दिसतात, मग शरीराच्या दोन्ही कडा आत वळून झालेली पन्हळ आणि त्या पन्हळीत विसावलेली, दोऱ्यासारखी बारीक मादी. गुलाबी रंग इतका नेटका चढला आहे की, कडांची घडी स्पष्ट उठून दिसते.

खरी तुलना इथेच सुरू होते. सुमारे 30 मीटरपर्यंत वाढणाऱ्या निळ्या देवमाशाला शरीराच्या कोपऱ्याकोपऱ्यात प्राणवायू पोहोचवण्यासाठी फुप्फुसे लागतात आणि सुमारे 180 किलो वजनाचे हृदय लागते. या कृमीचा मुक्काम माणसाच्या रक्तवाहिन्यांत असतो, पण त्याच्या स्वतःच्या शरीरात ना हृदय, ना फुप्फुसे, ना एखादी रक्तवाहिनी. देह इतका पातळ की, त्याला लागणारा प्राणवायू त्वचेतूनच आत झिरपतो. संततीचेही तसेच. देवमाशाची मादी दोन-तीन वर्षांतून एकदा, जन्मतःच सुमारे सात मीटर लांब असलेल्या एकाच पिल्लाला जन्म देते आणि त्याला दूध पाजते. कृमीची मादी वर्षानुवर्षे रोज अंडी घालते, कारण गोड्या पाण्यात अंड्यातून निघालेल्या अळीला साधारण एका दिवसात योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही, तर ती मरते.

तक्त्याने मात्र निराशा केली. ‘जगातील सर्वांत मोठा मासा’ हे शीर्षकच चुकीचे आहे. नावात मासा असला तरी देवमासा सस्तन प्राणी आहे, हे शालेय साहित्य छापणाऱ्याने जाणले पाहिजे. शेजारी कृमीचे चित्र गांडुळासारखे गोल काढले आहे. ज्या चपटेपणावर त्याचे सारे जगणे उभे आहे, तोच त्या चित्रातून नाहीसा झाला आहे.

पुस्तिकेत या कृमीची ओळख ‘आफ्रिकेतील रोगकारक’ एवढीच दिली आहे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात याच रोगाचे रुग्ण आढळले होते. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या संचात त्या गावाचे नावही नसावे, याचे मला फार वाईट वाटले.

चौकशी केल्यावर दुकानदाराने काचपट्टी सुटी देण्याची तयारी दाखवली. ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, त्यांनी तेवढीच घ्यावी.