प्लेअर आला नाही, कॅरेक्टरचं काय करायचं? दुसऱ्याच्या हातात की मागे उभं

डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट) लांबलं की कोणीतरी दांडी मारणार हे धरूनच चालायचं. सेशन रद्द करणं हा एक मार्ग आहे पण दोनदा रद्द झालं की तिसऱ्यांदा कोणी तारीखच ठरवत नाही, त्यामुळे तो सोडून देऊ. डीएमनेच (म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणाऱ्यानेच) ते कॅरेक्टर चालवायचं हेही सोडून देऊ, कारण समोर पाच गॉब्लिन हलवताना वर एका विझर्डचे स्पेल वाचत बसणं मला तरी झेपत नाही, आणि कोडं आलं की स्वतःच विचारायचं, स्वतःच उत्तर द्यायचं असला प्रकार होतो.

मग उरतात दोन. एक, हजर असलेला कोणीतरी दोन शीट (कॅरेक्टरची सगळी माहिती लिहिलेला कागद) सांभाळतो. दुसरी, कॅरेक्टर पार्टीबरोबर असतं पण मागे, त्याला टर्न नाही आणि मारही नाही. मी डीएम म्हणून दोन्ही भरपूर चालवल्यात. (फिफ्थ एडिशन, 2014 वाली, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच.)

दोन शीटवाली पद्धत ऐकायला एकदम सोयीची वाटते, आणि लढाईपुरती आहेच. या एडिशनमध्ये कोणत्या बाजूला किती ऍक्शन यावरच बरंच काही ठरतं, चारातला एक गेला की पार्टीचा पाव जोर गेला. त्यात तो हीलर असेल तर पडलेल्याला लांबूनच हीलिंग वर्ड टाकून उठवणारं कोणी नाही, आणि तीन डेथ सेव्ह (मरण टाळायला टाकायचे फासे) फेल झाले की विषय संपला. गैरहजर माणूस फायटर किंवा बार्बेरियन असेल तर खरंच काही त्रास नाही, दोन अटॅक मारले, पुढचा.

स्पेलवाला असला की मात्र गाडी अडते. ज्याच्याकडे शीट आहे तो आपला टर्न मन लावून खेळतो आणि दुसरा उरकतो, मधेच कॉन्सन्ट्रेशन (असा स्पेल एका वेळी एकच चालतो) चालू आहे हे विसरून दुसरा कॉन्सन्ट्रेशनचाच स्पेल टाकतो आणि पहिला उडतो. आणि अंधाऱ्या खोलीत आधी कोण जाणार? जो आज आलेला नाही तो, हमखास.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला वैताग आला तो पुढच्या सेशनच्या सुरुवातीच्या हिशोबाचा. आमची क्लेरिक (पार्टीची हीलर) एकदा परत आली, शीट हातात घेतली, खालपर्यंत बघितली आणि म्हणाली, "माझा हिरा कुठाय?" रेव्हिव्हिफायला (मेलेल्याला उठवायचा स्पेल) 300 गोल्डचा हिरा लागतो आणि तो स्पेलबरोबर संपतो. आमचा रोग (rogue, कुलपं उघडणारा चोर) मेला होता, त्याला उठवायला वापरला. "अगं मग मीही तेच केलं असतं," ती स्वतःच म्हणाली, खोडरबर घेतलं, खोडलं. पण तिथे थांबलं नाही ना. मग तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायचा ठरावीक कोटा) गेला का, त्यानंतर लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, स्लॉट परत येतात) झाली का, पोशन दोन होते की एक. ज्याने चालवलं त्याला आठवत नाही आणि तो आपला सफाई देत बसलाय, बाकीचे मोबाइल काढून बसले, आणि मी मागच्या वेळी जिथे थांबलो होतो तो माहोल गेला तो गेलाच. बरं भांडण म्हणावं तर तेही नाही. हिऱ्याचंही एवढं काही नाही, पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो तसं झालं, पुढे "तो काही बोलणार नाही रे" म्हणत दुसऱ्याच्या बॅगेतले स्क्रोल निघायला लागले.

म्हणून आता माझ्या टेबलवर दुसरी पद्धत आहे आणि तिला एकच अट, जे वापरून संपतं ते मागायचं नाही. म्हणजे त्याला ड्वार्विश येतं तर भिंतीवरचं वाचून घ्या. क्लेरिक आहे तर डिटेक्ट मॅजिक रिच्युअल म्हणून टाकून घ्या, दहा मिनिटं जास्त जातात पण स्लॉट जात नाही. रोग असेल तर कुलूप बघेल. स्लॉट, पोशन, बाण, हिरे बंद. लढाई सुरू झाली की तो नाहीच असं धरायचं, त्यामुळे मरायचाही प्रश्न नाही, आणि परत आला की शीट जशी ठेवली होती तशी.

लॉजिक लंगडं आहे, मान्य. समोर ड्रॅगन आणि आमचा पॅलाडिन मागे काय करतोय? यावर दोन मिनिटं सगळे हसतात आणि मग विसरतात, निदान आमच्याकडे तरी. ज्यांना हे अजिबात खपत नाही त्यांनी वेस्ट मार्चेस पद्धत बघावी, तिथे सेशन संपायच्या आत सगळ्यांनी गावात परत यायचं असतं म्हणजे पुढच्या वेळी कोण आलं नाही याने फरकच पडत नाही, फक्त डन्जनच्या मधोमध सेशन तोडायची मजा गेली.

लढाई हलकी करायची असेल तर हिट पॉइंट कमी करण्यापेक्षा एक मॉन्स्टर काढून टाका. एकटाच बॉस असेल तर मी तीनऐवजी दोन लेजेंडरी ऍक्शन (दुसऱ्यांच्या टर्ननंतरच्या जादा चाली) देतो.

तीनच प्लेअर असतील आणि त्यातला एक नसेल तर माझी पद्धत तोकडी पडते हे खरं. तरीही पूर्ण शीट दुसऱ्याला देण्यापेक्षा मी साइडकिक (साधं मदतनीस कॅरेक्टर) देईन, 2020 च्या टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकात एक्स्पर्ट, स्पेलकास्टर आणि वॉरियर असे तीन प्रकार आहेत आणि ते सांभाळायला सोपे आहेत. साइडकिकचा पोशन संपला तर कोणी हिशोब मागत नाही.

राहता राहिला एक्सपी (अनुभवाचे पॉइंट, त्यावर लेव्हल वाढते). 2014 च्या डीएम गाइडमध्ये दोन्ही लिहिलंय, एरवी जो नाही त्याला मिळत नाही आणि दोन-तीन लेव्हलच्या फरकाने काही बिघडत नाही म्हणतात, किंवा मग सगळ्यांना सारखा द्या. बिघडत नसेलही, पण बाकीच्यांकडे पाचव्या लेव्हलला मिळणारा फायरबॉल आणि एक्स्ट्रा अटॅक आणि हा एकटा चौथ्यावर बसलाय हे मला बघवत नाही, त्यामुळे मी सारखाच देतो.