रासायनिक बंध शिकायला पत्ते बरे की पट?

नववी-दहावीच्या मुलांना रासायनिक बंधांवर खेळ तयार करायला सांगा, बरेच गट आधी पत्त्यांकडे वळतील. एका पत्त्यावर एक मूलद्रव्य, खाली संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतले. सोडियमचा १, क्लोरीनचे ७, जोडी जमली की डाव आपला. पुठ्ठा आणि स्केचपेन पुरतात, अष्टकाचा, म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन पुरे करण्याचा, हिशेब पक्का होतो.

पण मीठ म्हणजे सोडियम-क्लोरीनची एक जोडी, हा ठसा त्यातून उमटतो आणि पुढे पुसता पुसत नाही. मिठाच्या स्फटिकात अशी सुटी जोडी नसतेच. प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू) सहा क्लोराइड आयन, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. ही सगळी बांधणी सैल करायची म्हणूनच मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पेडण्यातल्या आगरवाड्याची मिठागरं पाहिलेल्या गोव्यातल्या मुलांना तर हे कळायलाच हवं.

इथे पट सरस ठरतो. चौकटींवर धन आणि ऋण सोंगट्या, शेजारी फक्त विरुद्ध प्रभार. सपाट पटावर शेजारी चारच होतात, मग उरलेले दोन कुठे? यावर नियम लिहिणाऱ्या मुलांत वाद होतो, कुणीतरी वर दुसरा मजला सुचवतं. मला हा वादच सर्वांत मोलाचा वाटतो. शिक्षकांनी तो घाईने मिटवू नये.

पाणी, मिथेन यांसारख्या सहसंयुज, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या, सुट्या रेणूंसाठी मात्र पत्तेच घ्यावेत. पाण्याच्या रेणूतल्या दोन बंधांमधला १०४.५ अंशांचा कोन त्यांतही दिसत नाही, तिथे माती आणि काड्या हव्यात.